हलाखी नको, काम लिहा

आर्णीला तहसीलसमोर टेबल टाकून मला चाळीस वर्षं झाली. किस्से मी गोळा केले नाहीत. टेबलावर धूळ येऊन बसते तसे ते येऊन बसले, आणि रोज फडकं मारूनही कमी झाले नाहीत. ओळखीचे लोक म्हणतात, काकाजी, सांगत जा, मजा येते. सांगतो. पण मला त्यातल्या बहुतेकांची मजा वाटत नाही, राग येतो.

मी सातवी शिकलो. पुढची शाळा झाली नाही, त्याचं रडगाणं मी कधी गायलो नाही. लोकांचे अर्ज लिहितो. रेशन कार्डाचा, फेरफाराचा, हरवलेल्या दाखल्याचा. पण हे किस्से नोकरीच्या अर्जांचे आहेत. आताची पोरं त्याला कव्हर लेटर म्हणतात. नाव काहीही द्या, कागद तोच. अनोळखी माणसाला सांगायचं की मला हे काम येतं, मला ठेवा. यात भीक नाही. हे समजायला कॉलेजात जावं लागत नाही. उलट कॉलेजात जाऊन आलेल्यांनाच ते समजत नाही, असं मी पाहिलं आहे.

माझ्या शेजारी रफीकभाईचं ऑनलाइन सेंटर आहे. पूर्वी तो टाइपरायटर दुरुस्त करायचा. टाइपरायटर गेले, तेव्हा कॉम्प्युटर घेऊन बसला. माणूस सरळ आहे, दुपारचा चहा त्याच्याकडूनच येतो. पण त्याच्या कॉम्प्युटरमध्ये नोकरीचा एक अर्ज भरून ठेवलेला आहे. तोच अर्ज, फक्त नाव बदलायचं. अर्ध्या तालुक्याने तो अर्ज केला असेल. त्यावरून आमचं रोज भांडण होतं.

*

एक पोरगा बुलेटवर आला. गाडी टेबलापर्यंत आणली, तेव्हा कुठे बंद केली.

"काकाजी, ड्रायव्हरच्या नोकरीचा अर्ज लिहा."

मी कागद घेतला. "सांग."

तो डोळे मिटून सांगू लागला. "महोदय, माझ्या घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची असून..."

मी पेन खाली ठेवला. "ही बुलेट कोणाची?"

"माही."

"घरी ट्रॅक्टर आहे?"

"दोन हायेत."

"मग हलाखी कुठे आहे?"

"तसं लिहाच लागते ना काकाजी. अर्ज हाये तो. सगळेच लिहितात."

"गाडी किती वर्षं चालवतोस?"

"सहा."

"कुठे ठोकली?"

"एकदाबी नाई."

"मग तेच लिहू. सहा वर्षांत एकदाही ठोकली नाही."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्याची बदनामी करतो आहे. "ते कायले लिहाचं? त्याच्यानं कोनाले दया येईन?"

उठला आणि रफीकभाईकडे गेला. पाच मिनिटांत छापील हलाखी घेऊन बाहेर आला.

पंधरा दिवसांनी ज्या ट्रकवाल्याला ड्रायव्हर हवा होता, तोच माझ्या टेबलाशी थांबला. त्याचं पित्त खवळलेलं होतं. "काकाजी, या गावात एकबी खातापिता मानूस उरला नाई का? जो अर्ज उघडतो तो रडून राह्यला. मले ड्रायव्हर पायजे. याच्यात ड्रायव्हर कोन हाये, ते तं कोनं लिहिलंच नाई."

"मग घेतलं कोणाला?"

"साळ्याले. त्याले गाडी येत नाई, पन त्याची परिस्थिती मले माहीत हाये."

*

आता सुजाताबद्दल सांगतो. पुढच्या बऱ्याच गोष्टी तिच्याच आहेत.

सुजाता जवळच्याच खेड्यातली. आयटीआय झालेली, विजतंत्री, म्हणजे इलेक्ट्रिशियन. यवतमाळला एका वर्कशॉपमध्ये वर्षभर अप्रेंटिस होती. परत आली ती गावोगावच्या विहिरींवरच्या मोटरी दुरुस्त करू लागली. स्कूटीच्या डिक्कीत पाने, टेस्टर, वायरची वेटोळी.

रस्त्यावरच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, दिवाळीनंतर सीझनसाठी एक इलेक्ट्रिशियन घेणार होते. जागा एकच. ती मिळाली नाही तर तिने भावाकडे पुण्याला जायचं, असं घरात ठरलं होतं. भाऊ तिथे कंपनीत डबे भरायच्या कामाला होता.

"आयटीआयचं सर्टिफिकेट पेटीत ठेवून मी डबे भराचे का, काकाजी?" असं तिने मला विचारलं. रडली नाही. म्हणून मला ती पोरगी आवडली.

पण माझ्याकडे यायच्या आधी ती रफीकभाईकडे जाऊन आली होती. त्याने तिला मोबाईलवर शोधून एक झकास इंग्रजी अर्ज काढून दिला. खाली तिचं नाव टाकलं. जिनिंगचा मॅनेजर या वर्षी नवीनच आलेला, बाहेरचा माणूस. त्याने तो वाचला आणि तिला समोर बसवून विचारलं, "मोठ्या हॉटेलात चाळीस माणसं तुमच्या हाताखाली होती, मग इकडे का येता?"

ही म्हणाली, "कोनतं हॉटेल, साहेब? मी हॉटेलात जेवली बी नाई."

मॅनेजरने अर्ज परत दिला. म्हणाला, तुमचा स्वतःचा लिहून आणा.

मी रफीकभाईला झापलं. तो स्क्रीनवरून डोळे न काढता म्हणाला, "काकाजी, इंग्लिश तो देखो उसकी. एक गलती नहीं."

"इंग्रजीत चूक नाही, बाईच चुकली आहे. अर्ज दुसऱ्या बाईचा आहे."

"अब वो मैं कैसे देखूँ? मेरे पास लाइन लगी रहती है. तुमच्यासारखं एका कागदाले अर्धा दिवस लावला तं माझं दुकान बंद होईन."

माझ्याकडे लाइन नसते, हे त्याने बोलून दाखवलं नाही. पण बोलला तेच.

*

मग तिचा अर्ज मी लिहायला घेतला. तिचे वडील मधुकरराव सोबत आले होते. साधा माणूस, पण अर्ज आपणच सांगायचा, असं ठरवून आलेला.

"काकाजी, हे पहिले टाका. मुलीला नोकरी करण्यास घरच्यांची पूर्ण परवानगी आहे."

मी म्हणालो, "हे टाकणार नाही."

"काहून? साहेब तेच पाह्यते. पोरगी मानसायच्या कामावर येते म्हटलं, की घरच्यायले चालते का, हे पहिले इचारतात."

"विचारू द्या. तुमच्या मुलाच्या अर्जात लिहिलं होतं का, बापाची परवानगी आहे म्हणून?"

 मधुकरराव म्हणाले, "त्यानं मले इचारलंच नाई. बसमधी बसल्यावर फोन केला."

सुजाता मान खाली घालून हसत होती. मला हसू आलं नाही. जो न विचारता गेला त्याच्यावर विश्वास, आणि जी विचारून जाते तिला परवानगीचा कागद लागतो. मी ती ओळ लिहिली नाही. मधुकरराव चहाला नाही म्हणून उठून गेले. आमच्याकडे चहा नाकारला, म्हणजे माणूस खरोखरच रागावला असं समजायचं.

*

अर्ज कसा असावा, असं कोणी विचारलं तर मी देवरावचं उदाहरण देतो.

देवराव गवंडीकाम करायचा. वय झालं, परांची चढवेना. एका गोदामावर चौकीदाराची जागा होती. म्हणाला, "काकाजी, चांगलं लांबलचक लिहा."

मी विचारलं, "तुझ्यात चौकीदाराचा गुण कोणता?"

त्याने बराच विचार केला. "गुन तं काई नाई. फक्त मले रातीची झोप येत नाई. घरी बसल्यापासून डोकं चालू राह्यते. बायको कावून गेली."

मी दोन ओळी लिहिल्या. माझं वय एकसष्ट आहे. मला रात्री झोप येत नाही.

देवराव नाराज झाला. अर्ज इतका आखूड कसा, म्हणाला. पण त्याच दिवशी त्याला ठेवून घेतलं. गोदामवाल्याने तो कागद चार जणांना दाखवला, असंही कानावर आलं. मी कोणाला सांगत फिरलो नाही, पण छाती भरून आली होती.

तीन महिन्यांनी देवराव पुन्हा माझ्या टेबलाशी. चेहरा पडलेला.

"आता काय?"

"दुसऱ्या नोकरीचा अर्ज लिहा, काकाजी."

"काढलं का तुला?"

"अजून नाई. पन काढतीन. कामाले लागलो, डोकं शांत झालं. आता अशी झोप येते, का सकाळी मालकच उठवते."

*

आता माझी चूक सांगतो. दुसऱ्याच्या सांगायच्या आणि आपली लपवायची, हे मला जमत नाही.

सुजाताचा अर्ज मी जीव ओतून लिहिला. सगळी कला पणाला लावली. विजेचा आणि माणसाचा संबंध काय, यंत्र थांबलं की माणूस कसा थांबतो, असं बरंच काही. अक्षर मोत्यासारखं. समास आखलेला. दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहिला. सुजाताने वाचला आणि म्हणाली, "काकाजी, लयच भारी झालं." मला वाटलं, जमलं.

चार दिवसांनी ती आली. टेबलापुढच्या स्टुलावर तोंड पाडून बसली.

"काय झालं? नाही म्हणाला?"

"नाई. नोकरी देल्ली."

"मग तोंड असं का?"

"ऑफिसात बसाले सांगतलं. येनारीजानारी पत्रं लिहाले. साहेब म्हने, इतकं सुंदर लिहिनारी पोरगी पॅनलजवळ कायले उभी करू?"

 चाळीस वर्षांत अशी पाळी आली नव्हती. पोरीला वायरच्या जवळ न्यायला निघालो, आणि माझ्याच अक्षराने तिला खुर्चीवर नेऊन बसवलं.

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, साहेब, मले टेस्टर पायजे, पेन नाई. ते पत्र मी लिहिलं नाई, काकाजीनं लिहिलं. तं ते हासले. म्हने, मंग तुह्याबद्दल मले काय माहीत झालं? आठ दिवसांत मानूस घेनार हाये, लिहाचं असन तं खरं लिहून आन."

घरी मधुकररावांनी आकाशपाताळ एक केलं. खुर्चीची नोकरी, पंख्याखाली, आणि पोरगी नाही म्हणून आली. त्यांनी पुण्याच्या गाडीचं तिकीटही काढून टाकलं. पुढच्या सोमवारचं.

मी माझा तो अर्ज मागून घेतला आणि फाडला. रफीकभाई दुकानातून पाहत होता. तो काही बोलला नाही, याचाही मला राग आला.

*

दुसऱ्या दिवशी मी स्वतः जिनिंगमध्ये गेलो. लोक काय लिहितात ते तरी पाहू, म्हणून. मॅनेजर बाहेर गेला होता. रामदास नावाचा चपराशी ओळखीचा निघाला. त्याच्या आईचे अर्ज मीच लिहिले होते.

टेबलावर अर्जांचा गठ्ठा. वरचे दोन-तीन उचलून पाहिले. हलाखी. आज्ञाधारक. चरणी सादर विनंती. एकाने तर इलेक्ट्रिशियनच्या जागेसाठी लिहिलं होतं, कोणतेही काम करण्यास तयार आहे. कोणतंही काम करतो, तो वायरला हात लावणार का? मी असतो तर लावू दिला नसता.

बोलता बोलता रामदासच्या हातून चहा सांडला. त्याने सहज गठ्ठ्यातला एक कागद ओढला आणि टेबल पुसलं.

मी ओरडलो. "अरे, कोणाचा तरी अर्ज आहे तो."

"कोनी वाचत नाई, काकाजी. साहेब पहिली ओळ पाह्यते अन् बाजूले ठेवते." मग माझी समजूत काढायला म्हणाला, "तुमच्या टेबलावरून आलेले मी पुसाले घेतो. रफीकभाईचा कागद गुळगुळीत हाये, चहा सोकतच नाई."

मी त्याच्याकडे चहा घेतला नाही. तसाच उठून आलो. वाटेत ठरवलं, पुढच्या अर्जात पहिल्याच ओळीत काम आलं पाहिजे, आणि ती ओळही माझी नको.

*

शनिवारी सुजाताला समोर बसवलं. म्हटलं, आता मी काही रचणार नाही. तू सांगशील ते लिहीन.

ती तोंड उघडणार, तोच फोन वाजला. कोणाच्या मोटरचा स्टार्टर धरत नव्हता. तिने फोनवरच सांगितलं, कोणतं बटन दाबायचं, कशाला हात लावायचा नाही. फोन ठेवला. मी पेन उचलला. पुन्हा फोन. दुसरं गाव, मोटर गुणगुणते पण पाणी फेकत नाही. तिसरा आला तेव्हा मी म्हणालो, "तो बंद कर आधी. अर्ज होणार नाही असा."

"कसा बंद करू, काकाजी? हरभऱ्याचं पानी चालू हाये. त्यायचं सगळं मह्यावरच हाये."

मी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणालो, "हे जे फोन करतात, त्यांची नावं सांग. नंबरांसकट."

अर्ज असा झाला. मी सुजाता, आयटीआय विजतंत्री. मोटर, स्टार्टर आणि पॅनल दुरुस्त करते. माझं काम कसं आहे ते खालील माणसांना विचारा. त्याखाली सात नावं, गाव, मोबाईल नंबर. खाली तिची सही. बस. माझा एक शब्द त्यात नाही. रफीकभाई येऊन वाचून गेला. म्हणाला, "काकाजी, ये तो किराने की लिस्ट हो गई." मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

तिने तो त्याच दुपारी नेऊन दिला. पुण्याची गाडी सोमवारी होती.

संध्याकाळी टेबल आवरत होतो, तर रामदास सायकलवरून आला. मॅनेजरने फोन लावले तेव्हा तो खोलीतच होता. फोन स्पीकरवर होता. त्याने सगळं जसंच्या तसं सांगितलं.

पहिला फोन पहिल्याच नावाला. मॅनेजरने विचारलं, "सुजाता म्हणून इलेक्ट्रिशियन आहे, ओळखता का?"

"वळखतो ना. काहून?"

"आमच्या जिनिंगमध्ये नोकरी मागते आहे. काम कसं आहे तिचं?"

 तिकडून आवाज आला, "कायचं काम, साहेब. काईच येत नाई तिले."

दुसरा म्हणाला, "घेऊ नका. वायर कुठची कुठं जोडते."

तिसरी बाई होती. "पोरगी सभावानं चांगली हाये हो, पन मोटरीले हात लावला का मोटर जळते. माही तीनदा जाळली."

इथपर्यंत ऐकलं आणि मी पेन टेबलावर आपटला. ज्यांच्यासाठी ती पोरगी चिखलात उभी राहते, ते असे? नावं मीच लिहिली होती, माझ्याच हाताने. रामदास म्हणाला, "थांबा ना काकाजी, चवथा तं ऐका."

चौथ्याला मॅनेजरने सुजाताच्या नोकरीचं सांगून वेगळं विचारलं. "तुमची मोटर सध्या कोण पाहतं?"

"सुजाताच पाह्यते, साहेब."

"तिला काही येत नाही म्हणतात ना? मग तिलाच का बोलावता?"

 तो माणूस आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, हरभऱ्याले अजून दोन पानी द्याचे हायेत. तुम्ही तिले निदान मार्चपर्यंत तरी घेऊ नका."

मॅनेजरने फोन ठेवला. उरलेले तीन नंबर लावलेच नाहीत. रामदासला म्हणाला, "तिला सोमवारपासून यायला सांग. आणि गेटवर ही सात नावं देऊन ठेव. यांच्यातलं कोणीही आलं तरी आत सोडायचं नाही."